पिळदार देह आणि लांबचा पल्ला

कामगार संघटनेत तीस वर्षे काढलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत बोनसवर, कंत्राटी पद्धतीवर किंवा नव्या श्रमसंहितांवर बोलावे अशी श्रोत्यांची अपेक्षा असते, आणि ती गैरही नाही. म्हणून ह्या वर्षी मी विषय कळवला तेव्हा चालकांनी दूरध्वनी करून खात्री करून घेतली. शरीरसौष्ठवाची बक्षिसे मिळवलेला तरुण पोहणे, सायकल आणि धावणे अशा तिहेरी शर्यतीत पहिल्यांदा उतरतो तेव्हा त्याच्या देहाला काय काय सोसावे लागते, हा तो विषय. मी डॉक्टर नाही. माझी शाळा दहावीला सुटली. ह्या बाबतीत जे थोडेफार कळले ते वाचनालयातल्या पुस्तकांतून आणि दोन डॉक्टर स्नेह्यांना पुन्हापुन्हा प्रश्न विचारून. परंतु माणसाचा देह किती तास, किती ओझ्याखाली, किती उन्हात आणि किती विश्रांतीवर चालतो हा प्रश्न मला परका नाही. आमच्या चळवळीचा तो मूळचाच प्रश्न आहे.

गेल्या पावसाळ्यात वाळूजच्या आमच्या कचेरीत एक तरुण कामगार आला. वय अठ्ठावीस, वजन ९५ किलो, दंड असे की सदऱ्याच्या बाह्या उसवाव्यात. कारखान्याचे नाव घेत नाही; तिथे तो कंत्राटी आहे आणि संध्याकाळी एका व्यायामशाळेत पोरांना वजने उचलायला शिकवून चार पैसे जोडतो. म्हणाला, "काका, गोव्याच्या शर्यतीला नाव देतोय. अर्धी आयर्नमॅन." मला वाटले थट्टा करतो आहे. मग त्याने दोन प्रश्न विचारले. आपल्याला हे झेपेल का, हा एक. आणि तीन-चार महिने एकच पाळी मिळवून द्याल का, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर माझ्या धंद्यातले होते. पहिल्याचे शोधावे लागले.

आधी शर्यत काय ते पाहू. पूर्ण पल्ल्याच्या आयर्नमॅनमध्ये ३.८ किलोमीटर पोहायचे, त्यानंतर १८० किलोमीटर सायकल चालवायची आणि त्यानंतर ४२.२ किलोमीटर धावायचे असते. मध्ये कपडे-जोडे बदलायला लागतो तो वेळही हिशेबात धरतात. कागदावर हे आकडे निर्जीव वाटतात, म्हणून ते आपल्या रस्त्यांवर मांडून पाहावेत. २५ मीटर लांबीच्या तलावात ह्या काठापासून त्या काठापर्यंत १५२ वेळा जायचे. मग सायकलवर बसून जालन्याला जायचे, परत यायचे आणि पुन्हा एकदा जालन्याला जायचे. एवढे झाल्यावर समजा तेवढ्याच थकल्या पायांनी आपल्या शहरातून पैठणच्या रस्त्याला धावत लागायचे, ते पैठण सात-आठ किलोमीटरवर येईपर्यंत. सारे मिळून सतरा तासांच्या आत. गोव्यातली शर्यत ह्याच्या निम्मी असते: १.९, ९० आणि २१.१ किलोमीटर, मुदत साडेआठ तास. पणजीजवळच्या मिरामारच्या किनाऱ्यावर ती २०१९ च्या ऑक्टोबरात प्रथम झाली. २०२० आणि २०२१ ही वर्षे महामारीत गेली, २०२२ पासून पुन्हा सुरू झाली. निम्मी म्हणून तिला कोणी हलकी समजू नये. आपल्यापैकी बहुतेकांना तिच्यातला एक तुकडादेखील दिवसभरात पुरणार नाही.

हिचा जन्म एका वादातून झाला, आणि तो वाद आपल्या विषयाशी अगदी लागून आहे. हवाई बेटसमूहातल्या ओआहू बेटावर धावणारे आणि पोहणारे ह्यांच्यात बलवान कोण अशी बाचाबाची चालली होती. जॉन कॉलिन्स नावाच्या अमेरिकी आरमारी अधिकाऱ्याने त्यात सायकलस्वारांना ओढले. बेल्जमचा प्रख्यात सायकलपटू एडी मर्क्स ह्याचा देह प्राणवायू वापरण्यात सर्वांत समर्थ आहे असे त्याने वाचले होते. बेटावर पोहण्याची एक शर्यत होतीच, बेटाला वळसा घालणारी सायकल फेरी होती आणि एक मॅरेथॉनही होती. तिन्ही एकाच दिवशी एकापाठोपाठ करा आणि काय ते ठरवा, असे कॉलिन्स म्हणाला. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी पंधराजण पाण्यात उतरले, बाराजण शेवटपर्यंत पोचले. गॉर्डन हॅलर ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंदांत पहिला आला. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारची हकीगत मला अधिक बोधप्रद वाटते. तो बराच काळ पुढे होता, पण त्याच्या सोबत्यांजवळचे पाणी संपले आणि त्यांनी त्याला बिअर पाजली. पुढे त्याची पावले सरळ पडेनात. पाण्याची व्यवस्था नीट नसेल तर दंडात कितीही बळ असून चालत नाही, हे ह्या शर्यतीने पहिल्याच दिवशी दाखवले.

आपल्याकडे ह्या शर्यतीशी ज्यांची नावे जोडली गेली त्यांत मिलिंद सोमण आहेत; त्यांनी २०१५ साली झुरिकला पूर्ण आयर्नमॅन १५ तास १९ मिनिटांत केली, तेव्हा ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. पुण्याचे डॉ. कौस्तुभ राडकर आहेत. त्यांनी पंचवीसहून अधिक पूर्ण आयर्नमॅन केल्या आणि अनेकांना त्या करायला शिकवले. ह्या दोघांत एक साम्य आहे, ते म्हणजे दोघेही राष्ट्रीय पातळीवरचे जलतरणपटू होते. म्हणजे ह्या शर्यतीत जे अंग सर्वांना भिववते त्यातच ते लहानपणापासून मुरलेले. आमचा पोरगा उलट तीरावरचा. आयर्न म्हणजे लोखंड. त्याने आजवर खरोखरीचे लोखंडच तेवढे उचलले आहे.

मी ह्या शहरात आलो तेव्हा तालमीतल्या लाल मातीचा वास आणि जोर-बैठकांचा हुंकार ऐकतच पोरे मोठी होत. तालमीत कमावलेला देह कुस्तीसाठी असे. समोरच्याला चीत करायचे एवढाच त्याचा उपयोग. शरीरसौष्ठव हे शास्त्र निराळे. त्यात स्नायूचा आकार, प्रमाणबद्धता आणि रेखीवपणा पाहतात, त्याने काय काम केले हे कोणी विचारत नाही. त्यासाठी जड वजन आठ-दहा वेळा उचलायचे, थांबायचे, पुन्हा उचलायचे. स्नायूच्या तंतूंवर ताण पडतो, विश्रांतीत ते भरून निघतात आणि थोडे जाड होतात. वर्षानुवर्षे हे केले की देह शिल्पासारखा दिसतो. आणि इथे एक गोष्ट सांगतो, ती मला त्या पोरानेच सांगितली. व्यासपीठावर दिव्यांच्या झोतात तो सर्वांत बलवान दिसतो तो दिवस त्याच्या वर्षातला सर्वांत अशक्त दिवस असतो. कातडीखालची चरबी झडावी म्हणून कित्येक आठवडे अर्धपोटी राहिलेला असतो, शेवटच्या एक-दोन दिवसांत पाणीही तोडलेले असते. टाळ्या घेऊन खाली उतरल्यावर जिना चढताना त्याला कठड्याला धरावे लागले होते.

लांब पल्ल्याच्या शर्यतीत देहाकडून ह्याच्या अगदी उलट मागणी होते. तिथे एका क्षणाचे बळ पाहत नाहीत, तासन्‌तास चालणारा दमसास पाहतात. दमसास म्हणजे फुप्फुसे प्राणवायू किती घेतात, हृदय दर ठोक्याला रक्त किती फेकते, केशवाहिन्यांतून ते किती आतपर्यंत पोचते आणि पेशींतल्या तंतुकणिका त्याचा किती उपयोग करतात, ह्या सगळ्याचा गुणाकार. दमसासाची तालीम केल्याने हृदयाचा कप्पा रुंदावतो, केशवाहिन्यांचे जाळे दाट होते, तंतुकणिका वाढतात. वजने उचलून तंतू जाड होतो, पण त्याच्या मध्यापर्यंत प्राणवायूला जायचे अंतरही वाढते. शिवाय प्राणवायूचा हिशेब वजनाच्या दर किलोमागे करतात. आपण दरडोई उत्पन्न काढतो ना, तसाच. घरात पैसा तेवढाच आणि खाणारी तोंडे वाढली, की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते; पोहताना किंवा चढावर ९५ किलोच्या देहातल्या छाती-दंडाच्या स्नायूंची हीच गत होते.

मग दोन्ही कमावता येणार नाही का? ह्या प्रश्नावर एक नामांकित प्रयोग झालेला आहे आणि त्याचा उगम आमच्या पोरासारख्याच एका माणसात आहे. रॉबर्ट हिक्सन हा अमेरिकेतला शरीरशास्त्रज्ञ स्वतः वजने उचलण्याचा शौकीन होता. सेंट लुईसला जॉन होलॉझी ह्या विख्यात शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करताना तो त्यांच्याबरोबर रोज धावायला जाऊ लागला. काही दिवसांत त्याच्या ध्यानात आले की आपले कमावलेले स्नायू उतरत चालले आहेत. पुढे त्याने ह्याची रीतसर परीक्षा घेतली आणि १९८० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तीन गट केले: एकाने नुसती ताकदीची तालीम करायची, दुसऱ्याने नुसती दमसासाची, तिसऱ्याने दोन्ही. असे दहा आठवडे चालले. दोन्ही करणाऱ्यांचा दमसास दुसऱ्या गटाइतकाच वाढला. त्यांची ताकद मात्र सहा-सात आठवडे चढत गेली, मग थांबली आणि शेवटी शेवटी उतरू लागली.

ह्यातून दोन गोष्टी निघतात. बलदंड माणसाला दमसास कमावता येतो, त्याच्या वाटेत निसर्गाने भिंत घातलेली नाही. परंतु त्याची किंमत त्याच्या त्याच भांडवलातून वळती होते. पुढे ह्या विषयावर पुष्कळ काम झाले आणि हिक्सनच्या गड्यांइतका कठोर कार्यक्रम नसेल तर नुकसान कमी होते असेही दिसले. तरी महिनोन्‌महिने लांब पल्ल्याची तयारी करायची आणि छातीचे एक सूतही कमी होऊ द्यायचे नाही, हे साधणे फार कठीण.

आता पाण्याकडे वळू. मराठवाड्यातला माणूस आणि पोहणे ह्यांचे नाते विहिरीपुरते. मीसुद्धा पाठीला डबा बांधून विहिरीतच शिकलो. पाच हात मारले की समोरची कपार हाताला लागे. ज्या शहराने नळाच्या पाण्याची आठ-आठ दिवस वाट पाहिली, तिथे समुद्रात दोन किलोमीटर पोहायची तयारी करणे हाच मुळात एक विनोद. तरी महापालिकेचा सिद्धार्थ उद्यानाजवळचा तलाव आहे, तिथे आमचा गडी जाऊ लागला. पहिल्या दिवशी ५० मीटरही झाले नाहीत. ह्याचे कारण साधे आहे. चरबी पाण्यापेक्षा हलकी असते आणि स्नायू पाण्यापेक्षा थोडा जड. माणूस तरंगतो तो मुख्यतः छातीतल्या हवेवर. ज्याच्या अंगावर चरबी कमी आणि मांड्या भक्कम, त्याची छाती वर राहते आणि पाय खाली जातात. तिरपा झालेला देह पाणी कापत नाही, ढकलतो. मग पोहणारा घाबरून जास्त जोर लावतो. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीने वाढतो. वेग दुप्पट करू म्हटले की विरोध चौपट. तेव्हा जोर लावणाऱ्यालाच आधी धाप लागते. वजने दाबून दाबून छातीचे स्नायू आखडलेले असले तर हात कानाला लावून पुढे लांबवणेही जमत नाही.

उपाय जोराचा नाही. डोके खाली, नजर तळाकडे, श्वास पाण्यात सोडायचा आणि कुशीवर वळून घ्यायचा. ताकद विसरून लांब होऊन पडायचे. बलवान माणसाला हे शिकणे अपमानास्पद वाटते, कारण शेजारच्या पट्ट्यात आठ-नऊ वर्षांची पोर त्याला हसत मागे टाकते. त्याने हा अपमान गिळला, ह्याचे मला कौतुक आहे. समुद्राचे पाणी खारे असल्याने तरंगायला जरा बरे, पण तिथे धरायला काठ नसतो, लाटेत दिशा कळत नाही आणि शेकडो हातपाय शेजारी चालतात. म्हणून शर्यतीआधी दोन-चार वेळा तरी जाणत्याच्या सोबतीने आणि जीवरक्षक असलेल्या ठिकाणी उघड्या पाण्यात उतरले पाहिजे. धरणाच्या पाण्यात एकट्याने हा प्रयोग करू नये; नाथसागर दिसायला शांत आहे, पण असल्या शांत पाण्याने अनेक तरणीताठी पोरे नेली आहेत.

सायकलीबद्दल फार सांगायचे नाही. भक्कम मांडीचा माणूस ह्या तुकड्यात सर्वांत सुखी असतो, कारण सपाटीवर वजन सायकल वाहते. रुंद खांदे वारा अडवतात आणि चढ आला की प्रत्येक किलो मोजावा लागतो, एवढेच. आपल्याकडे दौलताबादवरून खुलताबादला चढणारा रस्ता ह्या कामी उत्तम गुरू आहे. रविवारी पहाटे तिथे सायकली पळवणारी मंडळी आता दिसतात, वेरूळपर्यंत जाऊन येतात. त्यांतल्या काहींच्या सायकलींची किंमत आमच्या कंत्राटी कामगाराच्या वर्षाच्या पगाराएवढी असते. हा खेळ स्वस्त नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. आमच्या गड्याने जुनी सायकल घेतली आणि तिची चाके स्वतः बसवली. यंत्रावर काम करणाऱ्याला तेवढे येते.

खरी कसोटी पुढे. सायकलवरून उतरून धावू लागले की पाय आपले वाटत नाहीत, लाकडाचे वाटतात. धावताना प्रत्येक पावलाला जमिनीचा जो धक्का बसतो तो वजनाच्या दुपटी-तिपटीचा असतो, आणि २१ किलोमीटरमध्ये अशी वीस हजारांच्या आसपास पावले पडतात. आता उष्मांकांचा हिशेब करा. धावताना दर किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण एक उष्मांक खर्चतो. म्हणजे ६५ किलोच्या धावपटूला ह्या २१.१ किलोमीटरला सुमारे १३७० उष्मांक लागतील, आमच्या ९५ किलोच्या गड्याला २००० लागतील, आणि तेही आधी पोहून व ९० किलोमीटर सायकल चालवून झाल्यावर. देहात साखरेचा साठा असतो तो यकृतात थोडा आणि स्नायूंत बराच. सारा मिळून साधारण २००० उष्मांकांचा. कोणी म्हणेल, ज्याचे स्नायू मोठे त्याचे गोदाम मोठे. खरे आहे. पण ह्या गोदामांचा एक विचित्र नियम आहे. स्नायूतला साठा तो स्नायूच वापरू शकतो, तो रक्तात परत सोडायची सोय स्नायूजवळ नसते. ती यकृताजवळ असते. म्हणजे दंडात आणि छातीत भरलेला माल मांडीच्या कामी येत नाही. आमच्या कारखान्यांतही असेच चालते: एका खात्यात सुटे भाग पडून असतात आणि दुसऱ्या खात्यात त्यांच्यावाचून काम बंद. मांडीची साखर संपली आणि यकृताचीही संपली की पाय थांबतात, डोके फिरते. १९८२ च्या फेब्रुवारीत हवाईच्या शर्यतीत ज्युली मॉस ही विद्यार्थिनी पहिली येण्याच्या बेतात होती. शेवटची रेघ काही पावलांवर असताना ती कोसळली, दुसरी तिच्या पुढे निघून गेली आणि ही रांगत रांगत पोचली.

म्हणून ह्या शर्यतीत खाणे हे चौथे काम आहे. ताशी ६० ते ९० ग्रॅम पिष्टमय पदार्थ आतडी शोषू शकतात, त्याहून फार जास्त नाही, आणि तेही सवयीने. दोन-तीन केळी, थोडा खजूर, गुळाचे पाणी असा हिशेब होतो. शरीरसौष्ठववाल्याला ही गोष्ट पचायला जड जाते, कारण त्याने वर्षानुवर्षे साखर आणि भात ह्यांना शत्रू मानलेले असते आणि उकडलेल्या अंड्यांच्या पांढऱ्यावर दिवस काढलेले असतात.

आणि उष्णता. स्नायू जेवढे इंधन जाळतो त्याचा चौथा-पाचवा हिस्सा कामात येतो, बाकी सारे उष्णता होऊन बाहेर पडावे लागते. मोठा देह उष्णता अधिक निर्माण करतो, आणि त्या मानाने त्याची कातडी तेवढी वाढलेली नसते. उष्णता घालवायची मुख्य वाट घाम; पण घाम वाळला तरच अंग थंड होते, गळून पडला तर फुकट जातो. आपल्याकडच्या कोरड्या हवेत घाम येतो कधी आणि वाळतो कधी हे कळत नाही, म्हणून इथे सराव करणाऱ्याला आपण किती घामाळतो ह्याचा अंदाजच नसतो. गोव्याच्या दमट हवेत तोच घाम जोड्यात जाऊन साठतो आणि अंग तापतच राहते. उपाय म्हणजे तिथे आठ-दहा दिवस आधी जाऊन अंगाला सवय करणे, वेग उतरवणे, डोक्यावर पाणी ओतणे, पाण्याबरोबर मीठ घेणे. नुसते साधे पाणी भराभर पीत राहणेही घातक, कारण रक्तातले मीठ पातळ होऊन मेंदूला सूज येऊ शकते. भट्टीखात्यात काम केलेल्या जुन्या माणसांना मिठाची गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही.

इथे मला एक अप्रिय गोष्ट बोलली पाहिजे, कारण समोर तरुणांचे आईबाप बसले आहेत. व्यायामशाळांच्या आसपास जी इंजेक्शने आणि पुड्या फिरतात त्यांत मेफेंटरमाइन नावाचे एक औषध आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाचा रक्तदाब घसरला तर तो चढवण्यासाठी ते असते. चांगल्या माणसाने ते टोचून घेतले की हृदय उगाच धावू लागते. स्नायू फुगवणाऱ्या संप्रेरकांनी हृदयाची भिंत जाड होते, रक्त घट्ट होते. असे हृदय घेऊन उन्हात सहा-सात तास धडपडणे म्हणजे कामावर मरण्याची तयारी. मी त्या पोराला सरळ विचारले. त्याने मान खाली घातली आणि पूर्वी एकदा घेतल्याचे सांगितले. मग त्याला डॉक्टरकडे नेले. हृदयाचा आलेख, प्रतिमा, रक्त सगळे तपासून घेतले आणि त्यांनी हो म्हटल्यावरच पुढची बोलणी केली.

आता त्याच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. तालीम देहाला मोडते आणि विश्रांती त्याला बांधते, हे सर्व पुस्तकांत एकमताने लिहिलेले आहे. विश्रांती म्हणजे मुख्यतः झोप. ज्याची पाळी दर आठवड्याला बदलते, रात्रपाळीनंतर पत्र्याच्या खोलीत दुपारी ज्याला झोप लागत नाही, जादा कामाला नाही म्हटले तर ज्याचे नाव यादीतून गळते, त्याने कोणत्या वेळी बांधून निघायचे? नारायण मेघाजी लोखंड्यांच्या चळवळीमुळे १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. ती मागताना धर्माची, समाजकार्याची कारणे दिलेली होती, पण तिच्या मुळाशी थकलेला देहच होता. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याचे ४८ तास ठरवले. ह्या गोष्टी कायद्याच्या पुस्तकात वाचताना रुक्ष वाटतात. परवा दोन पाळ्या लागोपाठ करून आलेला हा गडी तलावात उतरला, तिसऱ्याच फेरीत त्याच्या पोटरीत गोळा आला आणि जीवरक्षकाला उडी घ्यावी लागली, तेव्हा मला त्या रुक्ष कलमाचा अर्थ नव्याने दिसला.

पाळीसाठी व्यवस्थापनाकडे अर्ज केला. कंत्राटी माणसाची जबाबदारी ठेकेदाराची, असे उत्तर आले आणि ठेकेदाराने हात वर केले. शेवटी तोडगा आमच्याच माणसांनी काढला. त्याच्या खात्यातल्या दोघांनी आपल्या दुपारपाळ्या त्याला दिल्या आणि त्याच्या रात्रपाळ्या स्वतः घेतल्या, चार महिन्यांसाठी. त्यांपैकी एकाला पोहता येत नाही आणि सायकल तो फक्त कामावर यायला वापरतो. तू पोचलास की फोटो पाठव, एवढीच त्याची अट आहे.

आठ महिने झाले. वजन ९५ वरून ८६ वर आले आहे, छाती दोन इंच उतरली आहे. आठवड्यातून दोनदा तो अजून वजने उचलतो, कारण सांधे आणि पाठ धडधाकट राहायला तेवढे हवेच. पण व्यायामशाळेतली पोरे "दादा, आजारी आहात का?" असे विचारतात आणि दोन शिकवण्या सुटल्या. ज्याचा देह हीच जाहिरात, त्याला हा तोटा खरा असतो. तो रोज आरशासमोर उभा राहून हे मोजतो, हेही त्याने मला सांगितले. मी त्याला समजूत घालण्यासारखे काही बोललो नाही. हिक्सनची गोष्ट तेवढी सांगितली.

त्याचा आताचा हिशेब असा आहे: पोहण्याला ५५ मिनिटे, सायकलला पावणेचार तास, धावण्याला दोन तास पन्नास मिनिटे, त्यातला बराचसा भाग चालत, कारण चालायला ह्या शर्यतीत मनाई नाही, कपडे-जोडे बदलण्याला २० मिनिटे. एकूण सात तास पन्नास मिनिटे. मुदत साडेआठ तासांची. मधली जी ४० मिनिटे उरतात ती त्याने वहीत पंक्चर आणि पोटरीतला गोळा ह्या दोघांच्या नावे लिहून ठेवली आहेत.